खुब्याचा सांधा खराब निघाला तर काय करायचं: सोलापूरच्या पेशंटसाठी पहिल्या दिवसापासूनची वाट

आमच्या मावशीचा उजवा खुबा बदलला डिसेंबर २०२० मध्ये, पुण्यात. सोलापूरहून गाडी करून नेलं, आठ दिवस राहिलो, वॉकर घेऊन परत आलो. दोन वर्षं बाई छान चालली, मार्केटला जायची, गड्ड्याच्या यात्रेतसुद्धा फिरून आली. मग जांघेत कळ यायला लागली, मग चालताना आतून कट्कट् आवाज, आणि प्रत्येक वेळी आम्हाला एकच उत्तर मिळायचं, वय झालंय, वजन कमी करा, गोळी घ्या. २०२३ च्या उन्हाळ्यात दुसऱ्या डॉक्टरांनी परत उघडलं तेव्हा वाटीच्या आतली लायनर फुटलेली निघाली.

तेव्हापासून मावशीची फाईल घेऊन मी फिरतोय. मी वकील नाही, पण या फिरण्यात जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर आमचे सहा-सात महिने आणि बरेच पैसे वाचले असते, म्हणून नव्याने यात पडणाऱ्यांसाठी क्रमानं लिहितोय. वकील शेवटी लागेलच, पण वकिलाकडे जायच्या आधी जे करायचं असतं ते कुणी सांगतच नाही आणि केस तिथंच कमकुवत होते.

१. नक्की काय बिघडलंय ते आधी समजून घ्या

खुब्याच्या सांध्यात साधारण चार भाग असतात. मांडीच्या हाडात ठोकलेला दांडा म्हणजे स्टेम, त्याच्यावरचा गोळा म्हणजे हेड, कमरेच्या हाडात बसवलेली वाटी म्हणजे कप, आणि वाटीच्या आतलं अस्तर म्हणजे लायनर. हे चारही भाग एकाच कंपनीचे असतीलच असं नाही आणि चारही एकदम खराब होतात असंही नाही. म्हणून "इम्प्लांट खराब आहे" एवढं म्हणून चालत नाही, कुठला भाग, कसा खराब झाला, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आणि हे मनावर दगड ठेवून ऐका, दुखतंय म्हणजे कंपनीचीच चूक असं नसतं. जंतुसंसर्ग होतो, पेशंट पडतो, हाड ठिसूळ असतं, वाटी तिरकी बसते, गोळा निखळतो. संसर्ग किंवा वाटी तिरकी बसणं याचा प्रश्न झालाच तर हॉस्पिटल आणि सर्जनशी असतो. वस्तूच्या डिझाईनमध्ये किंवा बनवण्यात खोट असेल तर कंपनीशी. आणि काही वेळा खरंच कुणाची चूक नसते. हे वेगळं केलं नाही तर तुम्ही चुकीच्या माणसाशी पाच वर्षं भांडत बसता.

गोळा आणि वाटी दोन्ही धातूचे असतील, ज्याला मेटल ऑन मेटल म्हणतात, तर गोष्ट जास्त गंभीर. घासून घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे बारीक कण सुटतात, आजूबाजूचं मांस खराब करतात, रक्तातही जातात. अशा पेशंटनं रक्तातलं कोबाल्ट-क्रोमियम तपासून घ्यावं. ब्रिटनच्या नियामक संस्थेनं लिटरला ७ मायक्रोग्रॅम ही पातळी धरलीय, त्याच्या वर गेलं तर पुढची तपासणी करा म्हणून. धातू असला तरी विशेष पद्धतीनं एमआरआय काढता येतो, मार्स एमआरआय म्हणतात त्याला, सेंटरवर तसं आधी विचारून घ्या. रिपोर्ट थोडा जास्त आला म्हणून लगेच ऑपरेशन करायचं असतं असं नाही, पण तारखेसकट तो कागद तुमच्याकडे हवा.

२. स्टिकर शोधा, सगळं त्याच्यावर उभं आहे

इम्प्लांटच्या प्रत्येक भागाच्या खोक्यात स्टिकर येतात. त्याच्यावर कंपनीचं नाव, कॅटलॉग नंबर, लॉट नंबर (एका वेळी बनवलेल्या मालाचा नंबर), साईज, एक्सपायरी असं असतं. ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर ते सोलून केसपेपरवर किंवा ऑपरेशन नोट्सवर चिकटवतात, कधी डिस्चार्ज कार्डवर, कधी बिलाच्या मागं. चार भाग म्हणजे निदान चार स्टिकर, स्क्रू घातले असतील तर त्यांचे वेगळे. आमचे मिळाले ते एका प्लास्टिकच्या पिशवीत, एक्स-रेच्या पाकिटाला आतून चिकटलेले, आणि ती पिशवी दिवाळीच्या साफसफाईत दोनदा भंगारात जाता जाता राहिली होती. त्यातल्या लायनरच्या स्टिकरवरचा लॉट नंबर नसता तर आमची केस उभीच राहिली नसती.

घरात नसतील तर हॉस्पिटलकडून मागा. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत, त्यात पेशंटनं किंवा नातेवाईकानं रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं असं स्पष्ट लिहिलंय. पण त्याच नियमात रेकॉर्ड सांभाळायची मुदत उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं आहे, म्हणून "बघू नंतर" करू नका. काउंटरवर तोंडी विचारून उपयोग नाही, तिथला मुलगा म्हणतो साहेब नाहीत, सोमवारी या. दोन प्रतींत अर्ज लिहा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या, घेत नसतील तर स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपा, सोबत ईमेल टाका. अर्जात नावानिशी मागा: पूर्ण इनडोअर केसपेपर, ऑपरेशन नोट्स, इम्प्लांटचे स्टिकर, संमतीपत्र, इम्प्लांटचं बिल, एक्स-रेच्या सीडी. नुसतं "डिस्चार्ज समरी द्या" म्हटलं तर तेवढंच देतात आणि त्यात बहुतेक वेळा फक्त "टोटल हिप रिप्लेसमेंट केलं" एवढी एक ओळ असते.

सोलापुरात एक गोष्ट मी खूप बघितली, इम्प्लांट बाहेरच्या दुकानातून आणायला सांगतात, रोख पैसे आणि साध्या चिठ्ठीवर आकडा. तसं झालं असेल तर त्या दुकानदाराकडून जीएसटीचं पक्कं बिल मागा. तुम्ही पैसे देऊन वस्तू घेतली हे त्या बिलानं सिद्ध होतं आणि ते नसेल तर समोरचा म्हणतो तुम्ही आमचे ग्राहकच नाही.

३. काढलेला भाग कचऱ्यात जाऊ देऊ नका

दुसरं ऑपरेशन व्हायचं असेल तर हे आजच वाचा आणि आजच करा. शरीरातून काढलेलं इम्प्लांट हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आणि थिएटरमध्ये कुणी काही बोललं नाही तर ते बायोमेडिकल कचऱ्याबरोबर निघून जातं. ऑपरेशनच्या आधी, भरती व्हायच्या दिवशीच, सर्जनला लेखी द्या की काढलेले सगळे भाग तुकड्यांसकट आम्हाला हवेत, निर्जंतुक करून, सीलबंद डब्यात, डब्यावर पेशंटचं नाव, तारीख आणि सर्जनची सही. ऑपरेशन नोट्समध्येही "लायनर फुटलेली आढळली, भाग नातेवाईकांना दिले" असं लिहायला सांगा. चांगले सर्जन नाही म्हणत नाहीत, आमच्यांनी तर फोटोसुद्धा काढून दिले.

काही वेळा कंपनीचा माणूस थिएटरच्या बाहेर उभा असतो आणि म्हणतो आम्ही तपासायला नेतो, रिपोर्ट देतो. देऊ नका. एकदा गेलेला तुकडा परत येईल याची खात्री नाही आणि तपासताना तो कापला गेला तर पुढच्या लॅबला काय दाखवणार. त्यांना तपासायचाच असेल तर ग्राहक आयोगामार्फत, म्हणजे जिथं आपली तक्रार चालते तिथून, तपासू दे, दोन्ही बाजूंच्या समोर. स्वतःही कुठल्या लॅबमध्ये घाईघाईनं कापून घेऊ नका. फोटो काढा, वजन करू नका, घासू नका, डेटॉलनं धुऊ नका, कपाटात ठेवा.

४. दोन वर्षांचं घड्याळ

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करायची असते. आता कारण कधी घडलं, पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा, दुखायला लागलं तेव्हा, की फुटलेली लायनर हातात आली तेव्हा? सगळं भांडण इथं होतं. आतली खोट बाहेरून दिसणारी नसेल तर ती कळली त्या दिवसापासून मोजा अशी बाजू मांडता येते, पण त्याच्यावर विसंबून झोपून राहू नका.

२०१० मध्ये सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला, सांध्याचा नव्हता पण मुद्दा हाच. एका बाईच्या पोटात १९९३ च्या ऑपरेशनमध्ये गॉज (रक्त टिपायची जाळीदार पट्टी) राहिलं होतं, ते सापडलं २००२ मध्ये, तिनं तक्रार केली २००४ मध्ये. कोर्टानं म्हटलं, नऊ वर्षं पोट दुखत होतं, तू स्वतः नर्स आहेस, त्याच वेळी तपासून का नाही घेतलंस, आणि मुदतीबाहेर म्हणून तक्रार गेली. गॉज राहिलं हे खरं असूनही. मला हा निकाल वाचून फार वाईट वाटलं, पण त्यातून शिकायचं ते हे की दुखणं सुरू झालं की तपासणी केल्याचे कागद तयार होत राहिले पाहिजेत. मावशीच्या बाबतीत सुदैवानं प्रत्येक वेळी आम्ही दाखवायला गेलो होतो आणि त्या फालतू वाटणाऱ्या ओपीडीच्या चिठ्ठ्या सगळ्या कामाला आल्या.

दोन वर्षं उलटून गेली असतील तर विलंबमाफीचा अर्ज करता येतो, योग्य कारण आयोगाला पटवावं लागतं. लंगडत होतो, माहिती नव्हती, एवढ्यावर भागत नाही, तारखांसकट लिहावं लागतं.

५. एएसआरची गोष्ट, कारण लोक तीच विचारतात

भारतात खराब हिप इम्प्लांट म्हटलं की डेप्यू कंपनीचा एएसआर सांधा आठवतो, जॉन्सन अँड जॉन्सनच्या मालकीची ही कंपनी. धातूवर धातू घासणारा सांधा. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीनं तो जगभरातून परत मागवला, तोपर्यंत सुमारे ९३,००० लोकांच्या शरीरात बसलेला होता. ब्रिटनच्या सांधे बदलल्याच्या नोंदवहीत पाच वर्षांतच यातले १२ ते १३ टक्के परत उघडावे लागले असं दिसलं आणि तिथूनच परत मागवणं झालं. भारतात सुमारे ४,७०० जणांना बसवलेला. महाराष्ट्राच्या एफडीएनं, म्हणजे अन्न व औषध प्रशासनानं, गुन्हा नोंदवण्यापर्यंत पाठपुरावा केला, पण देशपातळीवरचा इशारा निघाला २०१३ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी. अमेरिकेत २०१३ मध्येच कंपनीनं सुमारे अडीच अब्ज डॉलरचा समझोता केला. आपल्याकडे केंद्र सरकारनं २०१७ मध्ये समिती नेमली, तिनं निदान २० लाख द्या म्हटलं, मग २०१८ मध्ये दुसऱ्या समितीनं सूत्र ठरवलं, वय आणि अपंगत्वाची टक्केवारी बघून ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली आणि मे २०१९ मध्ये ६७ पेशंटना प्रत्येकी २५ लाख द्यायला तयार झाली.

४,७०० मधले बहुतेक लोक सापडलेच नाहीत. त्यांना माहितीच नव्हतं आपल्या खुब्यात काय आहे. कुणाकडे कार्ड नाही, हॉस्पिटलचा पत्ता जुना, फोन नंबर बदललेला. म्हणून मी स्टिकरबद्दल एवढं बोलतोय. २००४ ते २०१० च्या दरम्यान तुमच्या घरात कुणाचा खुबा बदलला असेल तर आत्ता उठून ती फाईल काढा. एएसआर निघाला तर अन्न व औषध प्रशासनाला आणि दिल्लीच्या केंद्रीय औषध नियंत्रकांना लेखी कळवा, त्या सूत्राचा आधार देऊन भरपाई मागा आणि उत्तर लेखीच मागा.

दुसरं म्हणजे ते २५ लाख आणि ३० लाख ते सव्वा कोटी हे आकडे एएसआरपुरते आहेत. दुसऱ्या कंपनीचा सांधा खराब निघाला तर ते आपोआप लागू होत नाहीत, पण युक्तिवादात सांगायला उपयोगी पडतात.

६. सरकारला कळवा, यात पैसे मिळत नाहीत तरीही

वैद्यकीय उपकरणांमुळे इजा झाली तर नोंद करायची यंत्रणा २०१५ पासून आहे, मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. फक्त डॉक्टरांनीच कळवायचं असं नाही, पेशंट स्वतः किंवा नातेवाईक कळवू शकतात. अडलं तर मेडिकल कॉलेजच्या फार्माकॉलॉजी विभागात चौकशी करा, अशा नोंदींचं काम साधारण तिथूनच चालतं. सोलापुरात अन्न व औषध प्रशासनाचं सहायक आयुक्तांचं ऑफिस आहे, तिथंही अर्ज द्या, लॉट नंबर लिहून.

औषध कायद्यात पेशंटला भरपाई द्यायची तरतूद नाही, म्हणून इथून चेक येणार नाही. मग कशाला? कारण तुमच्यासारखीच तक्रार त्याच लॉटबद्दल नागपूरहून किंवा बेळगावहून आली असेल तर ती याच ठिकाणी जुळते. आणि आयोगापुढं तुमच्या हातात तारीख असलेली पोच असते. सहा महिन्यांनी माहिती अधिकारात विचारा, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर: या इम्प्लांटचा आयात परवाना कुणाच्या नावावर आहे, या लॉटबद्दल अजून तक्रारी आहेत का, परत मागवल्याची सूचना आली होती का. आम्हाला आयातदाराचं खरं नाव आणि पत्ता याच उत्तरातून मिळाला, बिलावर तर पुण्याच्या एका डिस्ट्रिब्युटरचं नाव होतं.

७. तक्रार कुणाविरुद्ध

२०१९ च्या कायद्यात प्रॉडक्ट लायबिलिटीचं, म्हणजे सदोष वस्तूनं झालेल्या इजेच्या जबाबदारीचं, वेगळं प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७. बनवणारा जबाबदार कधी, तर बनवण्यात खोट, डिझाईनमध्ये खोट, ठरलेल्या मापाप्रमाणे नसणं, दिलेल्या हमीप्रमाणे नसणं, किंवा धोक्याची पुरेशी सूचना नसणं. यातलं एक जरी सिद्ध झालं तरी पुरे. पण कुठलं ते तक्रारीत नाव घेऊन लिहा, "वस्तू निकृष्ट होती" असं मोघम लिहू नका.

बरेचसे सांधे परदेशी कंपन्यांचे. इथं घाबरू नका, कायद्यात आयात करणारा हा विक्रेता धरलाय आणि परदेशातल्या बनवणाऱ्यापर्यंत हात पोचत नसेल तर विक्रेत्याला धरता येतं. म्हणून बनवणारी कंपनी, आयातदार, डिस्ट्रिब्युटर आणि गरज असेल तर हॉस्पिटल, सगळ्यांना सामनेवाले, म्हणजे तक्रारीतला विरुद्ध पक्ष, करा. एकालाच केलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि दुसरा तिथं हजरच नसतो.

कंपनीचा नेहमीचा बचाव आधीच माहीत असू द्या. कलम ८७ मध्ये लिहिलंय की वस्तू तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायची असेल आणि कंपनीनं त्या तज्ज्ञाला सूचना दिल्या असतील तर सूचना दिली नाही या मुद्द्यावर कंपनी सुटू शकते. म्हणजे कंपनी म्हणणार आम्ही डॉक्टरांना पुस्तिका दिली होती, आणि डॉक्टर म्हणणार मला कुणी काही सांगितलं नाही. म्हणून फक्त "आम्हाला सांगितलं नाही" यावर केस टांगू नका, फुटलेल्या तुकड्यातून बनवण्यातली खोट हा मुद्दा पुढं ठेवा.

डॉक्टरांबद्दल माझं मत सांगतो. चूक दिसत असेल तरच त्यांना ओढा. आमच्या ओळखीतल्या एकानं रागाच्या भरात दोन्ही सर्जनना पार्टी केलं, ज्यानं दुसरं ऑपरेशन करून वाचवलं त्यालासुद्धा. आता तो माणूस साक्ष द्यायला तयार नाही. तुमच्या बाजूनं बोलू शकणारा सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे ज्यानं आत काय फुटलंय ते डोळ्यांनी बघितलं तो सर्जन.

सरकारी दवाखान्यात सगळं फुकट झालं असेल तर सेवेबद्दलची तक्रार ग्राहक आयोगात चालणं अवघड आहे, सुप्रीम कोर्टाचा १९९५ चा निकाल आहे, सगळ्यांना मोफत असलेली सेवा त्यात येत नाही. पण पैसे विमा कंपनीनं भरले असतील तर तुम्ही ग्राहक आहात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं असेल तर त्या निकालाच्या आधारे बाजू मांडता येते, तिथं मात्र वकिलाचा सल्ला घ्याच. आणि सिव्हिलमध्ये ऑपरेशन पण इम्प्लांट तुमच्या पैशानं बाहेरून आणलं असेल तर त्या वस्तूपुरते तुम्ही ग्राहक आहातच.

८. तक्रार सोलापुरातच होते

ऑपरेशन पुण्यात, मुंबईत किंवा हैदराबादला झालं म्हणून तिकडं जायची गरज नाही. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही जिथं राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, करमाळा, कुठलंही असो, सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचा वकील हुतात्मा एक्सप्रेसनं येऊ दे इकडं.

कुठल्या आयोगात हे तुम्ही किती भरपाई मागता त्यावर ठरत नाही, किती पैसे दिले होते त्यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत दिले असतील तर जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं हीच पद्धत योग्य ठरवली. खुब्याच्या ऑपरेशनला कुणी ५० लाख देत नाही, त्यामुळे आपण सगळे जिल्हा आयोगातच. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, ५ ते १० लाख असेल तर २०० रुपये. काही जण फीच्या नावाखाली पाच-दहा हजार घेतात, त्यांना हे दाखवा.

ऑनलाईन करायची तर आता ई-जागृती पोर्टल आहे, जानेवारी २०२५ पासून. तक्रार मराठीत लिहिता येते. वकील सक्तीचा नाही, पण प्रॉडक्ट लायबिलिटीची केस आहे, समोर मुंबईचे वकील येतात, म्हणून मी म्हणेन वकील घ्या. परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, हेल्पलाईन १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मावशी विडी कामगार, आणि विडी कामगार नसती तरी बाई म्हणूनच पात्र होती, हे आम्हाला पहिल्या वकिलाची फी भरून झाल्यावर कळलं.

तक्रारीआधी नोटीस पाठवणं सक्तीचं नाही पण पाठवाच, पंधरा-तीस दिवसांची. नोटिशीला आलेलं उत्तर म्हणजे त्यांचा बचाव तुम्हाला आधीच वाचायला मिळतो.

९. मागायचं काय

पहिलं ऑपरेशन, दुसरं ऑपरेशन, औषधं, फिजिओथेरपी, पुण्याच्या खेपा, सोबत राहिलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, पेशंटचं बुडालेलं काम, पुढं अजून एक ऑपरेशन लागण्याची शक्यता, वेदना, मानसिक त्रास. कायद्यात "हानी" म्हणताना त्या वस्तूची स्वतःची किंमत धरलेली नाही, म्हणून इम्प्लांटच्या किमतीचा परतावा सदोष वस्तूची मागणी म्हणून वेगळ्या ओळीत मागा. हे बऱ्याच जणांचं राहून जातं.

आपल्याकडे बुडालेली कमाई सिद्ध करणं फार अवघड. विडीवाल्या बाया, यंत्रमागावरचे कामगार, शेतात जाणारे, सगळे रोख पगारावर. कारखान्याचं कार्ड, पीएफची स्लिप, पासबुकातल्या नोंदी, मालकाचं साध्या कागदावरचं पत्र, जे मिळेल ते जोडा. आणि अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढा, यूडीआयडी (अपंगांच्या ओळखपत्राच्या) पोर्टलवर अर्ज करून सिव्हिलमध्ये तपासणी. एएसआरच्या सूत्रातसुद्धा टक्केवारीवरच रक्कम ठरत होती, आणि त्या सर्टिफिकेटशिवाय तुमचं लंगडणं कागदावर येतच नाही.

१०. सह्या

कंपनीचा किंवा डिस्ट्रिब्युटरचा फोन येईल, फार गोड बोलतात. नवीन इम्प्लांट फुकट देतो, ऑपरेशनचा खर्च करतो, फक्त या कागदावर सही करा. त्या कागदात कुठंतरी "यापुढे कोणताही दावा करणार नाही" असं असतं, तेही इंग्रजीत. पेशंट वेदनेत, घरात पैसा नाही, सही करून टाकतात. मी त्यांना दोष देत नाही. पण कागद घरी आणा, वकिलाला दाखवा, आणि मदत घ्यायचीच असेल तर "हक्क राखून" असं लिहून घ्या. तयार नसतील तर ती मदत नव्हतीच. मावशीनं त्या दिवशी चष्मा नाही म्हणून सही केली नाही, तेवढ्यानं आम्ही वाचलो.

११. पोलीस आणि मेडिकल कौन्सिल

डॉक्टरवर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवायला सुप्रीम कोर्टाचा २००५ चा निकाल आडवा येतो, आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत लागतं आणि चूक फार ढोबळ असावी लागते. मेडिकल कौन्सिल डॉक्टरची नोंदणी थांबवू शकतं, तुम्हाला पैसे देत नाही. रेकॉर्ड देत नसतील तर मात्र कौन्सिलकडे तक्रार करायची धमक ठेवा, तेवढ्यानं पुष्कळदा फाईल निघते.

१२. दाखल झाल्यावर

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे आयोगानं साधारण २१ दिवसांत ठरवायचं असतं. मग नोटीस जाते, समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस आणि फार तर १५ वाढीव. मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलंय की ४५ दिवसांच्या पुढं एक दिवसही नाही. म्हणून नोटीस त्यांना कुठल्या तारखेला मिळाली याचा ट्रॅकिंगचा प्रिंट काढून फाईलला लावा, उशीर केला तर त्यांचं उत्तर घेऊ नका म्हणून अर्ज देता येतो.

पहिल्याच तारखेला अंतरिम अर्ज द्या, काढलेला भाग आयोगाच्या देखरेखीत सीलबंद राहावा आणि कलम ३८ प्रमाणे योग्य लॅबकडे पाठवावा म्हणून. लॅबची फी आधी तक्रारदाराला भरायला सांगू शकतात, तेवढे पैसे बाजूला ठेवा. कायद्यात तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय. आमचं २०२४ च्या सुरुवातीला दाखल झालं आणि अजून चालू आहे. एवढ्या तयारीनंच उतरा. मधे आयोग मध्यस्थीचं विचारतो, जायला हरकत नाही, नाही जुळलं तर केस जिथं होती तिथून पुढं चालते.

निकाल विरोधात गेला तर राज्य आयोगात ४५ दिवसांत अपील. तुमच्या बाजूनं लागला आणि कंपनीला अपील करायचं असेल तर तिला निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपील न करता नुसतं गप्प बसले तर कलम ७१ खाली वसुलीचा अर्ज, आणि आदेश न पाळल्याबद्दल कलम ७२ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. निकालाची पहिली प्रत मोफत मिळते, ती मिळालेली तारीख प्रतीवरच लिहून ठेवा, पुढचे ४५ दिवस तिथून मोजायला लागतात.